ठिणगीची वेळ

लग्नमंडपात शेवटचे मंगलाष्टक संपत येते, भटजी मनगटावरच्या घड्याळाकडे एकदा पाहून घेतात, आणि 'सावधान' हा शब्द पुरा होताच अंतरपाट दूर होतो. पाण्यात घटिकापात्र सोडून वेळ मोजण्याचे दिवस कधीच मागे पडले. तरीही तो क्षण चुकू नये म्हणून सगळा मांडव मुठीत अक्षता धरून उभा असतो. मोटारीच्या इंजिनातही असाच मुहूर्त साधावा लागतो. फरक एवढाच की तिथे मुहूर्त सेकंदाला शंभर येतात, आणि जुन्या गाड्यांत ते सांभाळणारा भटजी म्हणजे हरभऱ्याच्या डाळीएवढे दोन धातूचे ठिपके असत. गॅरेजातले लोक त्यांना 'पॉइंट' म्हणतात.

मोटारीच्या गोष्टी सांगणारे बहुधा तिचा वेग, तिचा रंग, तिच्यात बसलेली थोर माणसे यांच्याच गोष्टी सांगतात. त्या ऐकायला गोड वाटतात, यात शंका नाही. पण मोटार खरी कशी घडत गेली हे पाहायचे असेल, तर एक साधा प्रश्न विचारावा: ठिणगी नेमकी केव्हा पडायची, आणि ते कोणी ठरवायचे? सुमारे एकशेचाळीस वर्षांत या प्रश्नाचे उत्तर चार-पाच वेळा बदलले. प्रत्येक बदलाबरोबर माणसाचा काही त्रास वाचला आणि त्याच्या हातातले काही निसटले. हा जमाखर्च मांडण्यासाठी आधी इंजिनाच्या पोटात थोडे डोकावायला हवे. घरातल्या ज्येष्ठांनी आणि मुलांनी घाबरू नये. गणित फारसे नाही.

आपल्या पेट्रोलच्या मोटारी ज्या तत्त्वावर चालतात ते चार धावांचे इंजिन जर्मनीत निकोलाउस ऑटो याने १८७६ साली चालवून दाखवले. नळकांड्यासारख्या सिलिंडरात पिस्टन वर-खाली धावतो. पहिल्या धावेत तो हवा आणि पेट्रोलची वाफ आत ओढतो, दुसरीत ती दाबतो, तिसरीत ते मिश्रण पेटून पिस्टनला खाली ढकलते, आणि चौथीत जळका धूर बाहेर जातो. चार धावांपैकी काम करणारी धाव एकच. बाकीच्या तीन तिच्या तयारीच्या आणि आवराआवरीच्या. एकत्र कुटुंबात कमावता एक आणि बाकीची मंडळी त्याच्या मागेपुढे, तसाच हा संसार. त्या एका कमावत्या धावेचा आरंभ ठिणगीने होतो.

पिस्टन अगदी वर पोचला की ठिणगी टाकावी, असे कोणालाही वाटेल. पण मिश्रण पेटायला वेळ लागतो. दिवाळीत सुतळी बॉम्बची वात पेटवली की पोरे मागे पळतात, कारण वात पेटणे आणि बार होणे यांत अवधी असतो. सिलिंडरातला अवधी दोन-तीन सहस्रांश सेकंदांचा असतो, तरी तो असतो. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर एका फेऱ्याला लागतो सेकंदाचा पन्नासावा भाग, आणि एका अंशाला अठरा हजारावा भाग. म्हणजे मिश्रण पुरते पेटेपर्यंत क्रँक पाचपन्नास अंश सहज फिरून जातो. म्हणून पिस्टन वर पोचण्याच्या आधीच ठिणगी टाकावी लागते. त्यातही मेख अशी की इंजिन हळू फिरत असेल तर ती थोडी आधी पुरते, आणि वेगाने फिरू लागले की ती बरीच आधी टाकावी लागते. चार सिलिंडरांच्या गाडीत दर फेऱ्याला दोन ठिणग्या. ३००० फेऱ्यांच्या वेगाला मिनिटाला सहा हजार, सेकंदाला शंभर. वर सांगितलेले शंभर मुहूर्त ते हेच.

मुहूर्त चुकला तर काय होते? ठिणगी फार आधी पडली तर पिस्टन अजून वर चढत असतानाच स्फोटाचा जोर त्याच्या माथ्यावर आदळतो. इंजिनातून पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येऊ लागतो आणि हा प्रकार फार काळ चालला तर पिस्टनला भोके पडतात. ठिणगी उशिरा पडली तर पिस्टन खाली पळून गेलेला असतो. मिश्रण त्याच्या मागे जळत राहते, गाडीत ओढ राहत नाही, इंजिन तापते आणि पेट्रोल मात्र पाण्यासारखे जाते. घाई आणि दिरंगाई यांची शिक्षा इतक्या चोखपणे वेगवेगळी देणारे यंत्र दुसरे क्वचितच असेल.

अगदी सुरुवातीला हा मुहूर्त कोणीच ठरवत नव्हते. गॉटलीब डाइमलर याच्या १८८०च्या दशकातल्या इंजिनांत सिलिंडराला एक लहानशी बंद नळी जोडलेली असे आणि बाहेरून बर्नरच्या ज्योतीने ती लाल करून ठेवीत. मिश्रण दाबले गेले की त्या तापल्या नळीत शिरून आपोआप पेटे. केव्हा पेटेल, ते नळीच्या उष्णतेवर आणि नशिबावर. शिवाय पेट्रोलच्या टाकीशेजारी उघडी ज्योत घेऊन रस्त्याने जायचे! 'शोफर' या फ्रेंच शब्दाचा मूळ अर्थ तापवणारा, शेगडी पेटती ठेवणारा. मोटार हाकणाऱ्याला हे नाव का चिकटले असेल, हे या गोष्टीवरून ध्यानात यावे.

त्याच काळात मानहाइम येथे कार्ल बेन्झ याने विजेची ठिणगी वापरली. त्याच्या तीन चाकी गाडीच्या पेटंटाची तारीख २९ जानेवारी १८८६. हे इंजिन मिनिटाला जेमतेम ४०० फेरे घेई, त्यामुळे ठिणगीच्या वेळेत थोडे मागेपुढे झाले तरी खपून जाई. बेन्झला स्वतःला मात्र इंजिनातल्या साऱ्या अडचणींत ठिणगीचीच अडचण सर्वांत मोठी वाटे, आणि त्याच्या पत्नीलाही तिची चुणूक दिसली. ऑगस्ट १८८८ मध्ये बेर्था बेन्झ आपल्या दोन मुलांना, ऑइगेन आणि रिखार्ड यांना घेऊन नवऱ्याला न सांगता मानहाइमहून फॉर्झहाइमला माहेरी निघाली. अंतर शंभर किलोमीटरांहून थोडे अधिक. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती तिने टोपीच्या पिनेने साफ केली. ब्रेकचे लाकूड झिजले, तेव्हा एका चांभाराकडून त्यावर चामडे ठोकून घेतले. ठिणगीची तार उघडी पडली, तेव्हा मोज्याचा पट्टा काढून तिच्याभोवती गुंडाळला. जगातला हा पहिला लांबचा मोटारप्रवास मानला जातो, आणि तो यशस्वी झाला तो झिजलेले आणि उघडे पडलेले भाग वाटेतच दुरुस्त करता आले म्हणून. मोटारीची पहिली मिस्त्री एक माहेरवाशीण होती, हे आपल्या भगिनींनी लक्षात ठेवावे.

पुढे इंजिनांचा वेग वाढत गेला आणि 'चालवून घेऊ' हे धोरण चालेना. स्टुटगार्टला १८८६ साली लहानसा कारखाना काढलेल्या रोबर्ट बॉश याने १८९७ मध्ये एका तीन चाकी मोटार-सायकलवर आपला मॅग्नेटो बसवला. मॅग्नेटो म्हणजे लोहचुंबकाच्या साहाय्याने स्वतःच वीज करणारे यंत्र; त्याला बॅटरी लागत नसे. १९०२ मध्ये बॉशच्या कारखान्यातील गॉटलोब होनोल्ड याने उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याच्या जोडीला प्लग तयार केला. आता वेगवान इंजिनालाही खात्रीची ठिणगी मिळू लागली. पण ती आधी टाकायची की नंतर, हे कोणी सांगायचे? ते काम आले गाडी हाकणाऱ्याच्या हातात.

ऑक्टोबर १९०८ मध्ये अमेरिकेत फोर्डची मॉडेल टी बाहेर पडली आणि १९२७ पर्यंत अशा दीड कोटींहून अधिक गाड्या बनल्या. तिच्या सुकाणूच्या चाकाखाली दोन दांड्या असत. उजवीकडची पेट्रोल कमी-अधिक करण्याची, डावीकडची ठिणगीची. डावी दांडी वर असली म्हणजे ठिणगी उशिरा, खाली ओढली म्हणजे लवकर. गाडी सुरू करताना दांडी वर, वेग वाढला की खाली, चढण लागली की पुन्हा थोडी वर. शेतकरी असो की डॉक्टर, कानाने इंजिनाचा सूर ऐकत डाव्या हाताने तो ही दांडी सारखी हलवीत राही. तबलजी जसा गवयाच्या लयीकडे कान ठेवून ठेका धरतो, तसे हे काम. चांगला चालक कोण आणि वाईट कोण, हे त्या दांडीवरून कळे.

या दांडीचा एक विसर मात्र फार महागात पडे. त्या काळी गाडी हँडल मारून सुरू करीत. दांडी खाली राहिली असताना कोणी हँडल मारले, तर पिस्टन वर चढता चढता मिश्रण पेटे आणि इंजिन उलटे फिरे. हँडल सपकन माघारी येऊन मनगटावर बसे. अंगठ्याच्या बाजूचे मनगटाचे हाड त्यामुळे मोडे, आणि ते इतक्यांचे मोडले की डॉक्टरांनी त्या अस्थिभंगाला 'शोफरचे फ्रॅक्चर' असे नावच दिले. हँडलाची मोटार जाऊन कित्येक दशके लोटली, तरी अस्थिरोगाच्या पुस्तकांत ते नाव अजून टिकून आहे. म्हणून जाणती माणसे नवशिक्याला शिकवीत: आधी दांडी वर कर, अंगठा हँडलाभोवती वळवू नको, बोटांच्याच बाजूला ठेव, खाली दाबू नको, वर ओढ. ठिणगीची वेळ चुकण्याची किंमत माणसाने आपल्या हाडांनी मोजली, ती अशी.

त्यातही माणूस सावध असून भागत नसे. मॉडेल टीच्या इंजिनाच्या पुढच्या टोकाला 'टायमर' नावाची एक वाटोळी डबी असे. तिच्या आत स्प्रिंगने दाबलेली एक लहानशी रुळी गोल फिरे आणि चार सिलिंडरांच्या चार पट्ट्यांवरून जाताना एकेका कॉइलला वीज पोचवी. रुळी झिजे, तिची कडी झिजे, तेलात धूळ मिसळून पट्ट्यांवर खळगे पडत. मग रुळी उड्या मारू लागे. एका सिलिंडराला ठिणगी लवकर, दुसऱ्याला उशिरा. दांडी कितीही नेटकी धरली तरी इंजिन अडखळे. टायमर बदलणे हे म्हणून मॉडेल टीच्या मालकाचे नित्याचे काम झाले, आणि सुधारलेले टायमर विकणाऱ्यांचा धंदा जोरात चालला. टायमर नवा बसवला की दांडीपासून येणारी सळई पुन्हा जुळवावी लागे. दांडी पूर्ण वर असताना ठिणगी पिस्टन माथा ओलांडून खाली वळल्यावरच पडली पाहिजे, म्हणजे हँडल उलटे येणार नाही. झिजलेला भाग बदलणे आणि वेळ जुळवणे ही दोन कामे तेव्हापासून जुळ्या भावांसारखी एकत्र आली आहेत. एक करून दुसरे टाळता येत नाही.

मनगटांची सुटका करणारा माणूस ओहायो प्रांतातला होता. चार्ल्स केटरिंग, जन्म १८७६. डोळ्यांच्या दुखण्याने त्याच्या शिक्षणात वरचेवर खंड पडला. डेटन शहरी दुकानांतल्या गल्ल्याची यंत्रे करणाऱ्या कारखान्यात तो नोकरीला होता आणि तिथे त्याने गल्ल्याच्या यंत्राला विजेची लहानशी मोटर बसवली होती. संध्याकाळी आणि सुटीच्या दिवशी तो आणि त्याचे काही सोबती एडवर्ड डीड्स याच्या घरामागच्या कोठारात मोटारीच्या विजेवर खटपट करीत. तोवरच्या कॉइल घुंगुरकिड्यासारख्या घूं घूं करीत ठिणग्यांचा सडा पाडीत आणि बॅटरी लवकर संपवीत. केटरिंगने योजना केली की दर वेळी ठिणगी एकच पडावी, पण ती जोमदार आणि वेळेवर. त्याची ही पद्धत १९१० च्या कॅडिलॅक गाड्यांवर आली, आणि १९१२ च्या कॅडिलॅकवर त्यानेच केलेला विजेचा स्टार्टर आला. हँडलाचा जाच ओसरू लागला आणि अंगात फार बळ नसलेल्यांनाही गाडी एकट्याने सुरू करता येऊ लागली.

केटरिंगच्या पद्धतीचा गाभा म्हणजे लेखाच्या आरंभी सांगितलेले ते दोन ठिपके. ते मिटलेले असले की बॅटरीची वीज कॉइलच्या जाड तारेतून वाहते आणि तिथे चुंबकत्व साठते. इंजिनाबरोबर फिरणारा चौकोनी कॅम आपल्या कोपऱ्याने ठिपके उघडतो, वीज तुटते, चुंबकत्व एकाएकी कोसळते आणि कॉइलच्या बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत कित्येक हजार व्होल्टांचा धक्का उठतो. डिस्ट्रिब्यूटर तो धक्का पाळीपाळीने प्लगांना वाटून देतो. म्हणजे ठिणगी पडते ती ठिपके मिटताना नव्हे, उघडताना. अंतरपाटाचीच गोष्ट: तो धरलेला असतो तोवर तयारी, आणि दूर होताच मुहूर्त.

पुढे १९३० च्या दशकात दांडीही गेली. इंजिनाचा वेग वाढला की डिस्ट्रिब्यूटरमधली दोन लहान वजने बाहेर फेकली जाऊन ठिणगी आपोआप पुढे आणू लागली. चालकाचा डावा हात मोकळा झाला. पण मुहूर्ताची जबाबदारी काही नाहीशी झाली नाही. ती चालकाच्या हातून निघून मिस्त्रीच्या हाती गेली. कारण ठिपके झिजतात. तासभर ३००० च्या वेगाने इंजिन चालले, तर ते तीन लाख साठ हजार वेळा उघडतात आणि मिटतात. त्यांना उघडणारी फायबरची टाच कॅमवर घासून झिजते. टाच झिजली की ठिपक्यांमधली फट कमी होते, ते उशिरा उघडतात आणि ठिणगीला उशीर होतो. शिवाय दर वेळी विजेची चुणचुण लागून एका ठिपक्यावर खळगा आणि दुसऱ्यावर उंचवटा तयार होतो. ही झीज एका दिवसात कळत नाही. रोज केसभर उशीर. शाळेतल्या घड्याळाने रोज पाच सेकंद मागे पडावे, तसे. महिन्यांनंतर एके दिवशी घाटात गाडी दम टाकते, तेव्हा मालक पेट्रोलला नावे ठेवतो.

इथपर्यंतची गोष्ट परदेशची झाली. ती आपल्या दारात आली कुर्ल्याच्या वाटेने. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून मोटारी बाहेर पडू लागल्या. प्रथम अमेरिकन वळणाच्या, मग इटलीच्या फियाटच्या. फियाट ११०० ही तिथे १९५३ मध्ये निघालेली गाडी. तिचे इंजिन १०८९ घनसेंटिमीटरांचे. तिच्या गोलमटोल पाठीमुळे आपल्या लोकांनी तिला 'डुक्कर फियाट' म्हणून टाकले. रूप बदलत बदलत तीच पुढे ११०० डी झाली, मग प्रेसिडेंट आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी. काळ्या-पिवळ्या रंगात ती मुंबईच्या टॅक्सीचे दुसरे नावच बनली. आणि तिच्या बॉनेटखाली, डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीत, केटरिंगचे ते दोन ठिपके अर्धशतकानंतरही उघडझाप करीत होते.

हे पॉइंट बदलून टायमिंग लावणे कसे असते, ते ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगतो. डिस्ट्रिब्यूटरच्या दोन चिमट्या सोडून टोपी काढायची. आतला रोटर वर उचलायचा. जुने पॉइंट बोटाने उघडून पाहायचे. खळगा नि उंचवटा दिसला की पॉलिश पेपरने घासून चार दिवस काम निभते, पण टाच झिजली असेल तर नवा संचच हवा. स्क्रू सोडताना खाली फडके धरावे, कारण तो डिस्ट्रिब्यूटरच्या पोटात पडला तर सगळे खोलावे लागते. नवे पॉइंट बसवून कॅमवर ग्रीसचे बोट लावायचे; बोटच, लपका नाही, नाहीतर ते उडून ठिपक्यांवर बसते आणि ठिणगीच मरते. मग इंजिन हाताने फिरवून टाच कॅमच्या कोपऱ्यावर आणायची आणि उघडलेल्या ठिपक्यांत फिलर गेजची पात घालून फट पाहायची. ती साधारण ०.४ मिलिमीटर असते. पात नुसती अडखळत सरकली पाहिजे, अडकता कामा नये. वाटेत गेज नसेल तर जाड व्हिजिटिंग कार्डावर काम भागवणारे मिस्त्री असत.

फट आधी आणि टायमिंग नंतर, हा क्रम बदलून चालत नाही. कारण फट बदलली की उघडण्याची वेळही बदलते. टायमिंगसाठी पहिल्या सिलिंडराचा प्लग काढून भोकावर अंगठा धरायचा आणि इंजिन हाताने फिरवायचे. अंगठ्याला आतून वारा ढकलू लागला की समजावे, ही दाबाची धाव. मग पुलीवरची खूण इंजिनावरच्या खुणेशी आणायची. आता बारा व्होल्टांचा एक साधा बल्ब घ्यायचा. त्याचे एक टोक पॉइंटच्या तारेला, दुसरे इंजिनाच्या लोखंडाला. चावी चालू करून डिस्ट्रिब्यूटरचा नट सैल करायचा आणि त्याची मान आधी रोटरच्या दिशेने फिरवायची, म्हणजे पॉइंट मिटतात आणि बल्ब विझलेला राहतो. मग ती अगदी सावकाश उलट दिशेने आणायची. पॉइंट उघडताक्षणी बल्ब पेटतो. तोच मुहूर्त. तिथेच नट आवळायचा आणि चावी लगेच बंद करायची, नाहीतर कॉइल तापते. तारा प्लगांना जोडताना पाळी १-३-४-२ अशी. दोन तारांची अदलाबदल झाली तर गाडी शिंकते, खोकते, पण चालत नाही.

पुस्तकात हे काम इथे संपते. गॅरेजात इथून सुरू होते. बल्बने लावलेले टायमिंग उभ्या गाडीचे. मिस्त्री गाडी रस्त्यावर काढी, वरच्या गिअरमध्ये वेग कमी करी आणि एकदम अॅक्सिलरेटर दाबून कान देई. खडे हलल्याचा आवाज अगदी क्षणभर येऊन विरला तर ठीक; येतच राहिला तर 'टायमिंग अॅडव्हान्स आहे'; मुळीच आला नाही आणि पिकअपही नाही, तर 'लेट आहे'. मग मान केसभर इकडे किंवा तिकडे. या शतकाच्या आरंभी मुंबईच्या टॅक्स्या सी.एन.जी.वर गेल्या. हा गॅस पेट्रोलपेक्षा सावकाश जळतो, म्हणून त्याला ठिणगी अधिक लवकर हवी. वात लांब असली की ती आधी पेटवावी लागते, तसे. कारखान्याच्या पुस्तकात या गॅसाचा आकडा नव्हता, तरी नव्या इंधनाचा नवा मुहूर्त काढणे अशा कानाला जमण्यासारखे होते. पिढ्यान्‌पिढ्या एका कानातून दुसऱ्या कानात गेलेली ही विद्या. तिची परीक्षा नव्हती आणि प्रशस्तिपत्रही नव्हते. पोऱ्या म्हणून पाने-पकडी पुसायला लागलेला मुलगा चार-पाच वर्षांनी आवाजावरून दुखणे ओळखू लागला, की तो मिस्त्री झाला.

इकडे जगात मुहूर्ताचा मालक पुन्हा बदलत होता. अमेरिकेत १९७० च्या दशकात ठिपक्यांच्या जागी इलेक्ट्रॉनिक ठिणगी आली आणि पुढे सगळ्याच देशांत तिचा प्रसार झाला. आज क्रँकजवळचा एक सेन्सर पिस्टन कुठे आहे ते सांगतो, गाडीतला संगणक दर ठिणगीची वेळ नव्याने ठरवतो, आणि इंजिनाच्या अंगावर बसवलेला दुसरा सेन्सर खडखड ऐकू आली रे आली की ठिणगी मागे घेतो. मिस्त्रीचा कान इंजिनालाच बसवला, असे म्हटले तरी चालेल. घासणारी टाच नाही, म्हणून झीज नाही. झीज नाही, म्हणून फट नाही, गेज नाही, बल्ब नाही. धूर कमी झाला, पेट्रोल वाचले, आणि घाटात गाडी दम टाकीत नाही. या सुधारणेला जो नावे ठेवील त्याने एकदा 'शोफरचे फ्रॅक्चर' आठवावे. हाडे मोडून घेण्यात काही पुरुषार्थ नव्हता.

पद्मिनीचे उत्पादन नव्या शतकाच्या उंबरठ्यावर थांबले. मुंबईत नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ची. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवरून ती टॅक्सी म्हणून नाहीशी झाली. वर्तमानपत्रांत तिची छायाचित्रे आली, लोकांनी हळहळ व्यक्त केली. गाडीचे स्मारक करणे सोपे असते. ती रंगवून संग्रहालयात ठेवता येते. पण तिच्याबरोबर तो कानही रस्त्यावरून गेला, आणि कानाला संग्रहालयात ठेवता येत नाही.

खासगी मालकांच्या हौसेने जपलेल्या डुक्कर फियाट, पद्मिनी आणि त्यांहून जुन्या गाड्या आजही आहेत. जुन्या मोटारींच्या मिरवणुकीत त्या झळकतात आणि मुले त्यांच्याबरोबर फोटो काढून घेतात. त्यांतली प्रत्येक गाडी चालत येते, याचा अर्थ कोणीतरी अलीकडेच तिची टोपी काढून ठिपक्यांतली फट पाहिली आहे. चकाकणारा रंग पैसे मोजून मिळतो. ती फट मात्र दर काही महिन्यांनी कोणीतरी वाकून पाहावीच लागते, कारण ती रोज थोडी थोडी बदलते.

आपण ज्याला प्रगती म्हणतो तिने आपल्या हातातून झिजणाऱ्या वस्तू एकेक करून काढून घेतल्या. त्यात आपले भलेच झाले. पण झिजणारी वस्तू माणसाला वरचेवर आपल्याजवळ बोलावते, आपले झाकण उघडायला लावते, आणि त्या निमित्ताने तिच्या आत काय चालले आहे हे त्याला ठाऊक राहते. न झिजणारी वस्तू कोणाला बोलावीत नाही. ती बिनचूक चालते, आणि एके दिवशी बंद पडली की तिच्याभोवती उभ्या असलेल्या माणसांपैकी एकालाही तिची ओळख नसते. म्हणून घरात एखादी जुनी गाडी असेल, किंवा शेजारी कोणाकडे असेल, तर या सुटीत मुलांना एकदा तिच्यापाशी न्यावे. ती जपणाऱ्या मिस्त्रीकाकांना टोपी उघडायला सांगावी आणि तो बल्ब मुलांच्या हाती द्यावा. काका डिस्ट्रिब्यूटरची मान केसभर फिरवतील, बल्ब पेटेल, आणि एकशेचाळीस वर्षे माणसे कोणत्या क्षणाच्या मागे लागली होती, ते मुलांना काही न सांगता कळेल.